जनरेटरवाल्याची बातमी

बगदाद पडलं त्या दिवसांत मी परदेशी वर्तमानपत्रं जितकी वाचली, तितकी उभ्या जन्मात वाचली नसतील. राजकारणाची आवड म्हणून नव्हे. माझा मोठा भाऊ तिथल्या एका हॉटेलात डिझेल जनरेटर चालवत होता आणि जगभरचे पत्रकार नेमके त्याच हॉटेलात उतरले होते. फोन बंद पडल्यापासून दादाची खबर द्यायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

आमचं रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. लाल दिव्यांच्या गाड्या वाढल्या होत्या आणि आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात सायबर कॅफे निघाले होते. ऑफिस सुटलं की मी आईला घेऊन तिथं जायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मी घरी येऊन सांगितलेलं तिला पटायचं नाही. माझ्या शेजारी स्टुलावर बसून ती स्क्रीनपेक्षा माझ्या तोंडाकडेच जास्त बघायची.

त्या पत्रकारांची एक गोष्ट मला लवकर कळली. माणसं भारी कुरकुर करणारी होती. बॉम्बबद्दल लिहून झालं की लिफ्ट बंद आहे, चहा गार आहे, नळाला पाणी नाही, असं काहीतरी यायचंच. त्यात संध्याकाळी जनरेटर सुरू झाल्याचा उल्लेख सापडला की मी आईचा हात दाबायची. जनरेटर चालू म्हणजे दादा ठीक. पेपर लंडनचा असो की न्यूयॉर्कचा, आम्ही युद्ध सोडून हॉटेलच्या तक्रारी तेवढ्या वाचत होतो.

मग हॉटेलसमोरच्या चौकातला हुकूमशहाचा तो पुतळा पाडला आणि सगळं बिघडलं. जो पेपर उघडावा त्यात पुतळाच. एकानं फोटो असा कापला होता की चौक गर्दीनं फुलून गेल्यासारखा वाटावा, दुसऱ्यानं लांबून घेतला होता, त्यात निम्मा चौक रिकामा. कोणी म्हणे देश सुटला, कोणी म्हणे लुटला. राजवट कशी कोसळली यावर पानंच्या पानं भरलेली, पण लिफ्टचं काय झालं ते एकही शहाणा लिहीत नव्हता.

"हे काहून तेच ते दाखवून राहिले?" आई म्हणाली. "हॉटेल दाखवा म्हणा ना."

"दीदी, टाइम हो गया," काउंटरवरून आवाज आला.

"हो गया तो और लगाओ न," मी खेकसले. मला त्या पत्रकारांचा, कॅफेवाल्याचा, सगळ्या जगाचाच राग आला होता. इतके दिवस गार चहासाठी रडणारी ही माणसं आताच कशी सुखी झाली?

दिवसामागून दिवस गेले. ऑफिसात माझं लक्ष लागेना, समोर फाईल उघडी ठेवून मी घड्याळ बघत बसायची. आईनं जेवणाचं ताट पुढं ओढायचं आणि तसंच सरकवून द्यायचं, असं चाललं होतं.

शेवटी एका पेपरात, लांबलचक लेखाच्या अगदी तळाशी, ते सापडलं. लिहिणाऱ्यानं वैतागून म्हटलं होतं की हॉटेल अंधारात आहे, जनरेटरवाला कोणाला न सांगता कुठंतरी गायब झाला आहे आणि असल्या बेजबाबदार लोकांमुळे आपल्याला मेणबत्तीवर काम करावं लागतं आहे. आईनं माझं तोंड पाहिलं होतं, आता लपवून उपयोग नव्हता. मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला.

तिनं स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग म्हणाली, "वाईट वाटून लिहून राहिला का तो, का चिडून?"

मी पुन्हा वाचलं. "चिडून."

"मंग जिता आहे माझा पोट्टा. मेलेल्यावर कोणी असा चिडत नाही."

ती उठली, पदर सारखा केला आणि घरी येऊन पोटभर जेवली. दादाचा फोन यायला अजून महिना होता.