हिंटलकोमच्या घंटाघरातली पाटी

हिंटलकोमच्या चर्चमध्ये कुणी पाहुणे आले की त्यांना मनोऱ्यावर नेण्याचं काम एव्हिस पर्किसचं. खाली ती फार रेंगाळत नसे. सर ह्यूच्या संगमरवरी थडग्यापाशी क्षणभर थांबे आणि म्हणे, "याने कुळांच्या झोपड्या पाडल्या. वर लिहिलंय, गोरगरिबांचा पिता. दगडाचं काय, जो मजुरी देईल त्याचं कौतुक करतो." मग अरुंद गोल जिन्याच्या त्रेचाळीस पायऱ्या. वर घंटाघरात छतातून आठ दोर खाली आलेले, आणि भिंतीवर काळ्या रंगाची, सोनेरी अक्षरांची पाटी.

"इथे मात्र खोटं लिहीत नाहीत," एव्हिस सांगे.

पाटीवर तारीख होती, २० एप्रिल १९७४. पाच हजार चाळीस क्रम, तीन तास दोन मिनिटं. खाली आठ नावं. तिसऱ्या घंटेपुढे ए. पर्किस. सातवीपुढे सेलविन डाउन्सी. आणि सगळ्यात खाली पुन्हा एकदा, रचना आणि पुकारा: सेलविन डाउन्सी.

सात घंटा जितक्या वेगवेगळ्या क्रमांनी वाजू शकतात तितके सगळे क्रम वाजवायचे, न थांबता. आठवी, सगळ्यात जड घंटा, प्रत्येक क्रमाच्या शेवटी. कुठे बदलायचं ते वाजवणाऱ्यांतलाच एक जण मोठ्याने सांगतो, तो पुकारा. समोर कागद ठेवायचा नाही. मध्ये दोर सोडायचा नाही, बदली माणूस घ्यायचा नाही. आणि एकही क्रम दोनदा आला तर सगळं बाद. ऐकणाऱ्याला कळलं नाही तरी बाद. मग घंटा वाजवणाऱ्यांच्या संघाला पत्र लिहून आपण होऊन नोंद मागे घ्यायची. गावाला यातलं काही समजत नाही. आवाज थांबला की गावाला बरं वाटतं. पण दोर धरणाऱ्यांची रीत अशी आहे.

एव्हिस तेव्हा बावीस वर्षांची होती. पोस्टाच्या खिडकीत नुकती बसायला लागली होती. पुढे ते पोस्ट तिनेच चालवलं, बंद होईपर्यंत. लग्न केलं नाही. चर्चच्या घड्याळाला दर सोमवारी किल्ली देई. तिची घंटा १६४१ सालची. ओतणाऱ्याने तिच्यावरचं एक अक्षर उलटं बसवलंय. एव्हिसला त्या चुकीचा फार लोभ होता.

घंटा वाजवायच्या त्याच शनिवारी दुपारी तिचा एकुलता एक भाऊ रोलंड साउथॅम्प्टनहून बोटीने ऑस्ट्रेलियाला निघाला, कायमचा. तो आठवडाभर तिच्या मागे लागला होता. घंटा तीनशे वर्षं तिथे आहेत, पुढच्या शनिवारीही असतील, तू धक्क्यावर ये, म्हणाला. ती सेलविनकडे गेली. सेलविन घंटाघराचा प्रमुख, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. सबंध रचना त्याने स्वतः बांधली होती.

"पोरी, तू नसलीस तर उरलेले दोर काय करायचे?" तो म्हणाला. "कपडे वाळत घालू?"

ती हसली, आणि राहिली.

उन्हाळ्यात पर्थहून रोलंडचं पोस्टकार्ड आलं. मागे एकच ओळ होती: मग, वसूल झालं का? एव्हिसने उलट टपाली लिहिलं: झालं. पाटीवर नाव लागलं.

सात वर्षांनी रोलंड तिकडे रस्त्यावर ट्रकखाली गेला. दोघांची पुन्हा भेट झाली नव्हती. कुणाला ती याबद्दल काही बोलली नाही. मनोऱ्यावर चढली की पाटीकडे एकदा बघायची, एवढंच.

यंदा पन्नास वर्षं झाली. आठांतले दोघेच उरले, ती आणि सेलविन. सप्टेंबरात जुन्या वास्तूंचा रविवार असतो, तेव्हा घंटांचं छोटं प्रदर्शन लावावं असं नव्या पाद्रीबाईंच्या मनात आलं. सेलविनचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, जिना चढायची मनाई होती. त्याने एव्हिसला सांगितलं, घंटाघरातल्या माझ्या पत्र्याच्या पेटीत आपला आठ जणांचा फोटो आहे, तेवढा काढून घे.

फोटो मिळाला. त्याच्याखाली निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तीत ती सबंध रचना, सेलविनच्या बारीक अक्षरात. एव्हिसला वाटलं, ही चांगल्या कागदावर उतरवून फोटोशेजारी लावू. ती वही घरी घेऊन आली.

मधल्या दोन पानांवर पेन्सिलीचे कंस होते. दुसऱ्या कंसाखाली लिहिलं होतं: तपासलं, २१ एप्रिल.

प्रत्येक तपासणीखाली तारीख घालायची, हे सेलविननेच सगळ्यांना शिकवलं होतं.

तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोरे कागद मांडले आणि रचना पहिल्यापासून, एकेक क्रम करून, लिहायला घेतली. तीन दिवस लिहीत होती. मधे चहा, टोस्ट, पुन्हा कागद. आपलीच समजूत चुकतेय असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. चौदा क्रम दोनदा आले होते. बरोबर कंसातलेच.

सेलविन परसात शेंगा तोडत होता. डोळ्यांवर काळा चष्मा. तिच्या हातातली वही त्याने लांबून ओळखली असावी, कारण शेंगांची टोपली त्याने खाली ठेवली.

"तुला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," एव्हिस म्हणाली.

"बस तरी."

"कळलं होतं ना?"

"हो."

मग तो बोलत राहिला. रविवारी प्रार्थनेनंतर सहज वही काढली होती, म्हणाला. रात्रभर झोप लागली नाही. सोमवारी तिला सांगायचं ठरवूनच तो पोस्टात गेला होता. "तू खिडकीत बसून रोलंडला पत्र लिहीत होतीस. डोळे सुजलेले. माझी जीभच उचलली नाही. चार तिकिटं घेतली आणि परत आलो."

एव्हिसला ती तिकिटं आठवली नाहीत. पत्र आठवलं.

"बरं. ते सोमवारी," ती म्हणाली. "पाटी जूनमध्ये टांगली. शिडी मी धरली होती."

सेलविनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सहा जण गेले. वाजवलं आपण खरंच, पोरी. तीन तास. हातांना फोड आले होते तुझ्या. चौदा ओळींनी काय होतं?"

"हे तू विचारतोस? तू?"

त्याने टोपलीतली एक शेंग उचलून परत ठेवली. मग हळूच म्हणाला, "मी गेल्यावर कळव. फार वाट नाही बघावी लागायची."

"त्या पाटीवर माझं नाव एकदा आहे, सेलविन," ती म्हणाली. "तुझं दोनदा."

त्याने टोपली उचलली. तिच्यासाठी शेंगा घालायला पिशवी शोधू लागला, नेहमीसारखी. ती तोवर फाटकाबाहेर पडली होती.

संघाला पत्र तिने त्याच संध्याकाळी लिहिलं. चार ओळींचं. कुणी चूक केली ते लिहिलं नाही. नोंद मागे घ्यावी, एवढंच लिहिलं आणि सही केली. पाद्रीबाई तिची समजूत घालायला आल्या. पाटी सुंदर आहे, येणाऱ्या पाहुण्यांना काय कळणार आहे, असं त्यांचं म्हणणं. एव्हिसने त्यांना चहा दिला आणि शिडी धरायला कोण येईल ते विचारलं.

वही तिने पेटीत होती तिथे ठेवून दिली. रोलंडचं कार्ड मात्र कपाटातून काढून दोनदा वाचलं. त्याला आता काही लिहिता येत नव्हतं.

जुन्या वास्तूंच्या रविवारी सकाळी शेजारच्या गावांतले सहा जण मदतीला आले होते. पाटीच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरला होता. एकाने विचारलं, पाटी रंगवायला दिली का? एव्हिस म्हणाली, "नाही. उतरवली." तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. डॉक्टरांचं न ऐकता सेलविन चढून आला होता, धापा टाकत. भिंतीकडे त्याने पाहिलं. सातव्या दोरापाशी जाऊन उभा राहिला. पुकारा नेहमी त्याचाच असे, म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले.

"आज मी पुकारीन," एव्हिस म्हणाली.

सेलविनने मान डोलावली.

तिने दोर हातात घेतला, पहिल्या घंटेवाल्याला खूण केली आणि घंटा निघाल्या. थोड्या वेळाने तिने पहिला बदल पुकारला. आवाज जरा चिरका आला, पण सगळ्यांना ऐकू गेला. क्रम बदलत गेले आणि तिची घंटा सातवीच्या मागे आली. ज्याच्या मागून वाजवायचं त्याच्या हातांकडे बघावं लागतं, दुसरा इलाज नसतो. पन्नास वर्षं ती ते हात बघून आपला दोर ओढत आली होती.

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.