नव्या प्लॉटातली उदई

"उदई वास्तुशांतीच्या आमंत्रणाची वाट नाई पाहत, मास्तर, ते मांडवाच्या आधी येऊन बसते," असं कादर मिस्त्री एकदा म्हणाला होता. तेव्हा सगळे हसले. मेहकरात वाळवीला उदई म्हणतात, आणि सिमेंटच्या घरात उदई ही त्या काळी हसण्याचीच गोष्ट होती.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. बस स्टँडापलीकडे उकंडरावांच्या पडीक शेताचे तुकडे पडले आणि त्या तुकड्यांना प्लॉट हे नाव मिळालं. मातीच्या घरात जन्मलेली माणसं तिथे सिमेंटची घरं बांधू लागली. धाब्याच्या छतातून पडणारे विंचू, कणगीतले उंदीर, खाटेतले ढेकूण यांच्याबद्दल ती अशी बोलत, जणू कुठल्या परमुलखातून सुटून आली होती. सिमेंटात यातलं काही येत नाही, हे सर्वानुमते ठरलं होतं. किड्यांना कळवायचं तेवढं राहून गेलं.

कादर पन्नाशी ओलांडलेला सुतार. जुन्या मेहकरात त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातचा दरवाजा नाही असं घर विरळा. चौकटीवर बोटाचं पेर वाजवायचा, कान लावायचा, आणि लाकूड आतून कसं आहे ते सांगायचा. जुन्या घरातली लाकडं चुलीच्या धुरानं काळी पडतात आणि त्या धुरामुळेच टिकतात, हे त्याला ठाऊक होतं. नव्या घरांत स्टोव्ह आले. म्हणून चौकटींच्या पायांना डांबर फासू द्या, असं तो तिथे घर बांधणाऱ्या वामनराव मास्तरांना म्हणाला.

"डांबर?" मास्तर म्हणाले. "हे घर आहे का सडक?"

मास्तरांच्या प्लॉटात कमरेएवढं वारूळ होतं. त्याला कुदळ लावायला एकही गवंडी तयार होईना. शेवटी नकाशाच सरकवला. वारूळ बरोबर ईशान्य कोपऱ्यात, देवघरात आलं. त्याच्याभोवती सिमेंटचा कट्टा झाला, मास्तरांच्या पत्नी मनकर्णाबाई त्याला दूध-लाह्या वाहू लागल्या. पाया भरत असतानाच कादर त्यांना म्हणाला होता, "वहिनी, हे टेकडं घरात घेऊन राह्यले तुमी?"

"टेकडं नोका म्हणू, कादरभाऊ. नागोबाचं घर हाये ते."

कादरनं पुढे देवघराचं दार स्वतःच्याच हातानं बसवून दिलं.

पहिल्या वर्षी वारूळ वीतभर वाढलं. घरात वारूळ वाढणं भाग्याचं, म्हणून मास्तरांनी पेढे वाटले. उदई आणि उदय हे शब्द किती जवळचे आहेत, हेही त्यांनी शेजाऱ्यांना समजावून दिलं. मराठी शिकवायचे ते. दुसऱ्या वर्षी मधल्या खोलीच्या चौकटीला त्यांनी हात टेकला, तर बोटं आत गेली. रंग तेवढा उभा होता, आत माती होती. कपाट उघडलं. मुलांचे निबंध आतून खाल्लेले होते. पुठ्ठ्यांवरचे गुण मात्र शाबूत होते.

रविवारी सकाळी मास्तरांच्या बैठकीत प्लॉटवाले जमले. पाच घरांचं सुतारकाम कादरनं केलं होतं, नऊ घरांचं व्हायचं होतं. त्याला बोलावणं गेलं. खुर्च्या कमी होत्या, म्हणून तो उंबऱ्याशी बसला.

"खरं सांग बे कादर," उकंडराव म्हणाले, "सागवान म्हणून काय लावलं तू?"

"सागवानच हाये, दाजी."

"मंग उदईनं काऊन खाल्लं?"

"भूक लागली तिले."

कुणी हसलं नाही. मास्तरांनी ठराव वाचायला घेतला : कीड लाकडातून आली असल्याकारणाने उर्वरित काम चिखलीच्या मिस्त्रीला द्यावं. कादर ऐकत होता. नऊ घरं म्हणजे हात चालतात तोवरचं काम. आणि हा ठराव बाजारात पोचला की जुन्या गावातही त्याच्या बापाच्या दारांकडे लोक संशयानं बघणार. देवघराच्या कट्ट्यापासून चौकटीपर्यंत भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची रेघ गेली होती. आत येताच त्यानं ती पाहिली होती. पण कादरनं वारुळाकडे बोट दाखवलं, तर बाजारात वेगळीच गोष्ट पोचली असती. त्यानं त्या रेघेवरची नजर काढून घेतली.

हात वर होऊ लागले, तशा मनकर्णाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"उदई वारुळातून आली," त्या म्हणाल्या. "मी रोज पाहून राह्यले. माणसाले काऊन बोल लावता?"

वर गेलेले हात खाली आले. उकंडरावांनी कानाच्या पाळ्या धरल्या. मास्तरांनी ठराव घडी करून खिशात घातला. पटलं सगळ्यांनाच. आता वारूळ काढायचं कुणी, एवढंच उरलं. एकाची बायको गरोदर होती. एकाच्या घराण्यात नाग कुळदैवत निघाला, त्यालाही ते आत्ताच आठवलं. उकंडराव म्हणाले, "मी जमीन वारुळासकट विकली, माहा संबंध संपला." सिमेंटनं न गेलेली भीती बैठकीत एकेका खुर्चीवरून फिरली आणि उंबऱ्याशी येऊन थांबली.

"तुले काय होते बे कादर?" उकंडराव म्हणाले. "तुह्यात नागोबा नाई. त्याचा कोप तुले लागत नाई."

"नऊही घरं तुझीच," मास्तर म्हणाले. "आत्ता लिहून देतो. ये, असा वर बस." एक खुर्ची रिकामी झाली. चहा आला, कपबशीत. मास्तर स्वतः मागच्या अंगणातून कुदळ घेऊन आले आणि त्यांनी ती कादरपुढे ठेवली, दांडा त्याच्याकडे करून.

कादरनं कुदळीकडे पाहिलं. मग मनकर्णाबाईंकडे. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता, आणि त्या जमिनीकडे बघत होत्या.

चहावर साय धरत होती. कादर उठला, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, पायरीवरच्या चपला पायात सरकवल्या, आणि कुदळीला हात न लावता निघून गेला.