क्रेटमधली पिल्लं

उंब्रजचा नागसेन सांगलीत विश्रामबागेतल्या खोलीवर बसून परदेशी कंपनीसाठी खेळ लिहितो. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि त्याच्या गोष्टीतली पात्रं व्हायचं, असा खेळ. यंदा त्याने आईला विचारून आपल्याकडचा ऊसच घातला. फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, तोड थांबते, पिल्लं क्रेटमध्ये ठेवून सगळे लांब सरकतात आणि मादी येऊन त्यांना घेऊन जाते.

कंपनीच्या संपादकाने तीनदा परत पाठवलं. "हे खरं वाटत नाही. मारामारी कुठे आहे?"

"ह्याच्या बापानं तरी ऊस बघितलाय का!" नागसेन लॅपटॉपवरच खेकसला. चौथ्यांदा त्याने दातओठ खात मादीला भाल्याने मारून टाकलं. दहा मिनिटांत उत्तर आलं, "आता कसं खरं वाटतंय!"

तेवढ्यात त्याच्या आईचा, बनाबाईचा, गावाकडून फोन आला. "आरं, आज आमच्या फडात दोन पिल्लं घावली. क्रेटात ठिवली. आत्ताच न्येली बग आईनं, एकेक करून. लय बरं वाटलं."

नागसेनने लॅपटॉप मिटला.

"आन् तुज्या खेळातल्या आईनं न्येली का रं?"