सेम्बावांगच्या पाण्यावर इराचं शर्यतीचं विमान

सिंगापूरच्या उत्तर टोकाला सेम्बावांगला जायचं इराने ठरवलं आणि सोबत मी यायचं, हेही तिनेच. माझी लेक सोळा वर्षांची आहे. तिला पॉलिटेक्निकमध्ये विमानांचं इंजिनिअरिंग शिकायचंय. मी आणि समीर, तिचा बाबा, दोघेही तिने ज्युनियर कॉलेजला जावं या मताचे. पॉलिटेक्निकच्या प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवायला तिने दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या शर्यतीच्या विमानाची प्रतिकृती बनवली होती. चाकांच्या जागी होडीसारखे दोन लांब फ्लोट. पाण्यावर ते सरळ धावतानाचा व्हिडिओ तिला हवा होता.

सेरंगूनहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने निघायचं, बिशानला गाडी बदलायची, सेम्बावांगला उतरून पार्कपर्यंत बस. साधारण तासाभराचा प्रवास, खर्च अगदी किरकोळ. हातात मोठं खोकं असेल तर गर्दीच्या आधी निघा.

गाडीत मी विचारलं, "इतकी वेगवान विमानं पाण्यावर कशाला?"

"वेगासाठी पंख छोटे केले की उडायला लांब धाव लागते. तेवढी धावपट्टी तेव्हा कुठे होती? समुद्रावर हवं तेवढं धावता येतं. आई, पंख नको धरू लाह." वाक्याच्या शेवटी "लाह" लावायची ही इथली सवय.

पार्कचा किनारा छोटासा, समोर पाण्यापलीकडे मलेशियाचं जोहोर. जवळच हवाई तळ असल्यामुळे उडवायचं नाही, नुसतं धावू द्यायचं. इराने शेपटीला दोरी बांधली आणि मोटर सुरू केली. विमान थोडं पुढे गेलं, डावीकडे झुकलं आणि उलटलं. दोरीने ओढून आणलं, पुसलं, पुन्हा सोडलं. पुन्हा तेच.

"मंगळवारी मुलाखत आहे," ती हळूच म्हणाली आणि वाळूत बसली.

आता ज्युनियर कॉलेजचा प्रश्न आपोआप सुटेल, असं माझ्या मनात आलं. पण बरं काही वाटलं नाही.

"दर वेळी डावीकडेच का गं?" मी विचारलं.

तिने मान वर केली. "पंखा एकीकडे फिरतो, म्हणून विमान उलट बाजूला कलतं. डावा फ्लोट दाबला जातो. खऱ्या विमानांत उजव्या फ्लोटमध्ये जास्त पेट्रोल भरायचे. माझं बॅटरीवर चालतं, म्हणून मी ते सोडूनच दिलं होतं."

ती उठून थेट धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका आजोबांकडे गेली. "अंकल, गळाला लावायचं शिसं थोडं द्याल?"

"कुठला मासा धरणार?"

"मासा नाही, विमान बुडतंय."

ते हसले आणि मूठभर शिसं दिलं. उजव्या फ्लोटमध्ये ते भरून तिने वर टेप लावली. या वेळी विमान डोललं, सावरलं, फ्लोट पाण्यावर उचलले गेले आणि मागे पांढरी रेघ सोडत ते सरळ धावलं. हवेत उठायच्या आत तिने मोटर बंद केली. व्हिडिओ मीच काढला. तो जरासा हलला आहे.

स्टेशनजवळ गरम पराठा आणि डाळ खाऊन आम्ही घरी परतलो. त्या किनाऱ्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करा, असं मी सांगणार नाही. माझ्या लक्षात राहिलं ते तिचं वाळूतून उठणं.

रात्री जेवणाच्या वेळी समीरने व्हिडिओ दोनदा पाहिला. "छान आहे. पण मुलाखतीत नाही जमलं तर?"

"तर ती पुन्हा अर्ज करेल," मी म्हणाले. "पॉलिटेक्निकलाच."

इरा माझ्या शेजारची खुर्ची ओढून जेवायला बसली.