रोजची आणि साहेबाची

गुरुजींनी बेचाळीस नावं घेतली. घसा खाकरला, हजेरीपट मिटला आणि मॉनिटरला म्हणाले, "खालचे मोज."

मॉनिटर उठला. बोट नाचवत आला. "नऊ, गुरुजी."

ते नऊ आम्ही. हजेरीपटात बेचाळीस नावांखाली तांबडी रेघ, अन् रेघेखाली आम्ही. नावं लिहिलेली होती. उच्चारायची नव्हती. शेळ्या मोजाव्यात तसं मोजायचं, संपलं.

गुरुजींचा आवाज असा, की हजेरी सुरू झाली की सीताबर्डीवरचे टांग्याचे घोडे बिचकायचे. त्या आवाजात मला एकदा माझं नाव ऐकायचं होतं. धम्मदीक्षा घेऊन आल्यावर बापाने माझं जुनं नाव टाकून नवं ठेवलं होतं. गिरणीतून घरी आला की त्या नावाने मला तीनदा हाक मारायचा. काम काहीच नसायचं.

एक दिवस रेघेपाशी गुरुजी थांबले आणि मी उठून ओरडलो, "हजर."

"कोण रे तो? तुला कोणी विचारलं?"

"नाही विचारलं म्हणूनच सांगून राहिलो, गुर्जी."

माझ्या पाठीवर चिंचेच्या अकरा फोका मोडल्या. बरं, तीन. बाकीच्या आठ मी मोठेपणी वाढवल्या. पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभा होतो, हे वाढवलेलं नाही. आणि त्या दिवशी वहीत मला गैरहजर मांडलं, हेही नाही. गुरुजींपासून चार हातांवर उभा. गैरहजर.

म्हणून मी मास्तर झालो. सत्तरनंतरची गोष्ट. नागपुरातलीच शाळा, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. वर्गाचा हजेरीपट उघडला तर तांबडी रेघ तशीच. बापाची इस्टेट मुलाकडे यावी तशी ती माझ्याकडे आली होती. मी नवीन वही आणली. सगळी पोरं अकारविल्हे लिहिली. आडनाव बघायचं नाही, वस्ती बघायची नाही. पहिल्या दिवशी एवढ्या जोरात हजेरी घेतली, की रामटेकच्या गडावरची माकडं हजर म्हणाली असतील.

आमचे हेडमास्तर खादीवाले. वही बघून त्यांचे डोळे भरून आले. "हे एका वर्गाचं काम नाही," म्हणाले. "सगळ्या शाळांत व्हायला हवं. तू फीर, मी सही देतो." मला घरी नेलं, आत स्वयंपाकघरात पाटावर बसवून जेवू घातलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, देवमाणूस आहे.

ती म्हणाली, "देव नका सांगू मले. सही केली का त्याईनं, ते सांगा."

सही केली होती. ती खिशात घालून मी निघालो. चाळीस शाळा पालथ्या घातल्या असं मी सांगत असतो. सव्वीस होत्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की मास्तर लोक पक्का हजेरीपट उतरवत बसतात. आठवडाभर कच्च्या वहीत टिपायचं, शनिवारी पक्क्यात चढवायचं. त्याच वेळी मी सायकल टेकवायचो, म्हणजे सगळे एका जागी सापडायचे.

एका शाळेत एक जण म्हणाला, "काय गा, उद्या म्हणशील मास्तरांच्या खुर्च्याही अकारविल्हे मांडा."

"म्हणणारच होतो. तुम्ही आधी सुचवलं, तुमचंच नाव देतो."

सगळे हसले. तोही हसला. वर्षभरात सव्वीस शाळांच्या पक्क्या हजेरीपटातून तांबडी रेघ गेली. मी प्रत्येक वही डोळ्यांनी पाहिली. छाती फुगून सदऱ्याच्या गुंड्या तुटल्या. शिक्षणाधिकारी येणार असं ठरलं. हीच पद्धत शहरातल्या सगळ्या शाळांना लागू करायची, तसं परिपत्रक निघणार.

ते येण्याच्या आठ दिवस आधी सातवीचे मास्तर रजेवर गेले. मी त्यांच्या वर्गावर गेलो आणि हजेरी मागितली. मॉनिटर मुलगी आमच्याच वस्तीतली.

"गुर्जी, कोणती देऊ? रोजची का साहेबाची?"

"म्हंजे?"

"साहेबाची कपाटात असते. रोजची ही."

मी रोजची उघडली. तांबडी रेघ. शाई ताजी.

"खालचे मी मोजू का तुमी मोजता?" तिने विचारलं. "मले धरून अकरा होते."

माझ्या शेजारचा वर्ग. मधे एक भिंत. मी वर्षभर एवढ्या मोठ्याने हजेरी घेत होतो, की पलीकडे काय चाललंय ते मला ऐकूच आलं नाही. आणि सव्वीस शाळा फिरलो, त्या शनिवारी. पोरं घरी गेल्यावर. एकाही शाळेत मी हजेरी कानाने ऐकली नव्हती.

हेडमास्तरांकडे गेलो. वही टेबलावर ठेवली. ते दचकलेही नाहीत.

"अरे, कच्च्या वहीत रेघ राहू द्या, हे मीच सगळ्यांना सुचवलं. नाहीतर कोण तयार झालं असतं? कागद बदलला ना? माणसं बदलतील सावकाश. तुझ्याच कामासाठी केलं मी."

मी वही परत उचलली. रेघ ओढणाऱ्या गुरुजींनी मला कधी पाटावर बसवलं नव्हतं. त्यांचा राग करणं सोपं होतं.

अधिकारी आले. हॉलमध्ये सव्वीस शाळांचे मास्तर. हेडमास्तरांचं भाषण झालं. "आता आमचे हे मास्तर नमुन्याची हजेरी वाचून दाखवतील."

मी सातवीची वही घेऊन उभा राहिलो. रेघेपर्यंत नावं वाचली. मग म्हणालो, "खालचे, अकरा." आणि वही मिटली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"रोजची आहे, साहेब. तुमची कपाटात आहे."

साहेब मला सोडून हेडमास्तरांकडे वाकले. "पक्क्यात असं काही नाही ना?"

"नाही, साहेब."

"मग ठीक आहे." आणि त्यांनी चहा आणायला सांगितलं.

मी हॉलभर नजर फिरवली. एकाचीही मान वर नव्हती. सव्वीसच्या सव्वीस.

परिपत्रक निघालं. हेडमास्तरांना शाल मिळाली. माझ्या कायम होण्याच्या कागदावर त्यांनी शेरा मारला: कामात उत्साही, परंतु विश्वासास पात्र नाही.

मी दोन दिवस दोन वह्यांबद्दल वर पाठवायचा अर्ज खरडत बसलो. बायको म्हणाली, "कागदानं फसवलं, अन् पुन्हा कागदच लिहून राहिले. आमाले काहून नाही विचारत? आमी ऐकतो ना कानानं."

त्या रविवारी वस्तीतल्या बिड्या वळणाऱ्या बाया आमच्या अंगणात जमल्या. मी मोठं भाषण तयार केलं होतं. ते केलं नाही. एवढंच सांगितलं, सकाळी अकरा वाजता हजेरी होते, वर्गाच्या खिडकीखाली सूप घेऊन बसा, बिड्या वळा आणि आपल्या लेकराचं नाव ऐका.

"अन् नाव नाही घेतलं तर, भाऊ?"

"तर आत जाय वं. तुझ्या लेकराचं नाव तू घे. मास्तर हजर लिहीत नाही तोवर फळ्यासमोरून हटू नको."

कोणत्या खिडकीखाली कोण बसणार ते तिथेच ठरलं. सुरुवात आमच्याच शाळेपासून. मग पुढची, मग त्यापुढची, एकूणएक. अर्ज नाही, सही नाही. आणि कोणत्याही हेडमास्तराला आधी कळवायचं नाही.