पन्नास टक्क्यांचा सौदा

“खाली या की जरा!” समोरच्यानं आकडा सांगायचा अवकाश, आमच्या गूळ बाजारातले मामा डोळे मिटून मान हलवायचे आणि एवढंच बोलायचे. गुळाच्या सौद्यात ते ठीकच होतं. पण हा माणूस भाजीवालीला, न्हाव्याला, कुणालाही खाली आणायचा. लेकीच्या लग्नात त्यांनी भटजींशीही घासाघीस केली, आणि तीही दक्षिणेवरून नव्हे, मुहूर्तावरून. “अर्धा तास अलीकडं घ्या की, पावणं ताटकळल्यात!”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पहिलाच आकडा मान्य करायचा म्हणजे त्यांना अपमान वाटतो.

मी शाहूवाडीकडचा. कोल्हापूरच्या गूळ बाजारात हमाल म्हणून आलो आणि स्वतःच्या जोरावर गाळा घेतला. कुणाचं फुकट घेतलं नाही. गुळाची पारख मात्र मामांनी शिकवली. गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, अंगठा दाबून ते सांगायचे, “वरनं कडक हाय, पोरा, पण आत वला हाय. पाझरणार ह्यो.” आणि तो पाझरायचाच. वीस वर्षं मी त्या अंगठ्याच्या भरवशावर माल उचलला. म्हणूनच तर माझा राग जात नाही.

गेल्या हंगामात जिना चढताना त्यांच्या छातीत दाटायला लागलं. मीच त्यांना गाडीत घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन करायला नेलं. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडं वळवला. “ही मुख्य नळी. हे पांढरं दिसतंय ते जुनं, चुन्यासारखं घट्ट झालेलं. आणि हे काळपट आहे, ती चरबी. नळी सत्तर टक्के अरुंद झाली आहे.”

मामांनी डोळे मिटून मान हलवली. “सत्तर लई हुत्यात, डॉक्टर. खाली या की जरा.”

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मला मात्र कळलं, सौदा सुरू झालाय.

तीच चित्रं घेऊन मामा दवाखाने फिरले. दुसऱ्या डॉक्टरांनी साठ सांगितले. तिसऱ्यांकडं मी सोबत होतो. त्यांनी चित्रं बारकाईनं पाहिली. “पन्नासच्या आसपास असेल,” ते म्हणाले, “पण आकड्यावर जाऊ नका. ही चरबी मऊ आहे, वरचा पापुद्रा पातळ वाटतोय. तो फाटला तर तिथंच रक्त गोठून नळी बंद पडेल. गोळ्या आजच सुरू करा. तारेच्या टोकाला बारीक कॅमेरा लावून नळी आतून बघून घेऊ.”

मामांना त्यातलं पन्नास तेवढं ऐकू आलं. बाजारात येऊन त्यांनी चक्क पेढे वाटले. “सत्तरचा माल पन्नासला आणला बघा!” सगळा बाजार हसला.

मी त्यांच्या गाळ्यात गेलो. “मामा, गोळ्या आणल्या?”

“पन्नासला कोण गोळ्या खातंय?”

“वरनं कडक आणि आत ओला रवा तुम्ही घेता काय?”

“रवा मी दाबून बघतो. हे कुठं दाबू? सांग की!”

“मी बघितलंय पडद्यावर. माझ्या डोळ्यांनी!”

“गूळ मी तुला शिकवला, आन् तू मला काळीज शिकवायलास व्हय?”

मग माझं डोकं फिरलं. शेजारचे सौदे थांबले, इतका ओरडलो. त्याचं मला वाईट वाटत नाही. ते समोर असते तर आजही ओरडलो असतो. मामा शांतपणे उठले आणि म्हणाले, “पावणं, वाट सोडा. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

पावणं! रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला म्हणतात तसं. त्या दिवसापासून बोलणं बंद. मी गोळ्या आणून मामींच्या हातात दिल्या. त्यांनी देव्हाऱ्यासमोर ठेवल्या, नवऱ्याच्या हातापाया पडल्या. मामांनी पाकीटसुद्धा फोडलं नाही.

पुढं एका सकाळी ऐन सौद्यात, रव्यांच्या थप्पीला टेकून मामा खाली बसले ते उठलेच नाहीत. चरबीवरचा पापुद्रा फाटला असणार, असं डॉक्टर म्हणाले. बाजारातली माणसं मला विचारत होती, “पन्नासच टक्के हुतं न्हवं? मग कसं काय?” मी कुणाला समजावत बसलो नाही. ज्याला समजायला हवं होतं, तो चितेवर होता.

भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी वाकवलंय. या एका माणसाला वाकवता आलं नाही. मी त्यांच्या अंगठ्यावर आयुष्यभर भरवसा ठेवला. त्यांनी एकदा माझ्या डोळ्यांवर ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

मामा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते स्कूटरवरून उचगावला घरी निघाले होते. मी गाळ्याच्या दारात उभा होतो, शेजारी त्यांचा जुना हमाल. बाजाराच्या फाटकाजवळ पोचल्यावर मामांनी मागं न बघता हात वर केला. तो कुणाला, ते कळलं नाही. हमालानं लगेच हात उंचावला. मीही उंचावावा म्हणेपर्यंत स्कूटर मोठ्या रस्त्याला लागली होती.