'धर' म्हणेल त्यानेच 'सोड' म्हणायचं

रशीदचाचा मला दिसले नंतर, त्यांचा आवाज आधी ऐकला. लग्नाला महिना झाला होता. शहागंजातल्या त्यांच्या गॅरेजात मी नवऱ्याचा, प्रकाशचा, डबा घेऊन गेले, तर एका जीपखालून कोणीतरी ओरडलं, "धर!" मी डबा घट्ट धरला. जरा वेळाने आवाज आला, "सोड!" डबा सोडला नाही, हे नशीब. ब्रेकच्या नळीतली हवा काढताना एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी बसून हुकूम द्यायचा, हे प्रकाशने घरी आल्यावर हसत हसत समजावलं. पेडलवर प्रकाश आणि चाकापाशी चाचा, अशी ती जोडी होती.

चाचांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. गौरवग्रंथाच्या मंडळींनी मला त्यांच्या कार्यावर लिहायला सांगितलं. मी ब्रेकचं काम करणारी बाई, तेव्हा ब्रेकचंच लिहिते.

चाकावर जाम झालेला ब्रेकचा ड्रम काढण्यात चाचांचा हात धरणारा शहरात कोणी नाही. बाकीचे मिस्त्री घण उचलतात. चाचा आधी हॅण्डब्रेक सैल करतात, मागच्या भोकातून अ‍ॅडजस्टर फिरवून ड्रमला आतून दाबणारे लायनर मागे घेतात, गंजावर तेल सोडतात आणि मग लहान हातोडीने टकटक करून ड्रमला कान लावतात. 'ठण्ण' वाजलं तर सुटतोय. 'ठप्प' वाजलं तर आत अजून धरलंय. सुरुवातीला मीही घण घातला आणि ड्रमची कड उडवली. गिऱ्हाइकाला चाचांनी चूक स्वतःची म्हणून सांगितली. मला एवढंच म्हणाले, "मारून सुटत नाय, बेटी. आत कोन धरून बसलंय, ते आधी बघ."

काय नव्हे, कोण.

मी गॅरेजात कशी आले, तेही सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी प्रकाश तिथेच गेला, दुपारी, शाळेची पोरं नेणाऱ्या आमच्या स्वतःच्या व्हॅनच्या सीटवर. हृदय बंद पडलं, क्षणात गेला, असं डॉक्टर म्हणाले. पाय ब्रेकवरच होता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी चाचा आमच्या गारखेड्याच्या घरी आले आणि चपला हातात घेऊन पायरीवरच उभे राहिले. काम शिकायला ये, म्हणाले. बाईमाणूस ब्रेक करणार म्हणून जे हसले, त्यांच्याच गाड्या चाचांनी पहिल्यांदा माझ्या हाती दिल्या. हे उपकार मी विसरणार नाही.

मी कामाला लागले तेव्हा भिंतीवर रंगाने एक नियम लिहिलेला होता: 'धर' म्हणेल त्यानेच 'सोड' म्हणायचं, मध्ये दुसरं बोलायचं नाही. फोन वाजो, गिऱ्हाईक येवो, हा नियम मोडत नसे. मला वाटायचं, शिस्त आहे.

व्हॅन मात्र मागच्या अंगणात सात वर्षे उभी होती. तिचं पेडल त्या दिवशी खाली गेलं ते वर आलंच नव्हतं. आतलं काहीतरी गंजलंय, असं सगळे म्हणत. पाण्याचा माठ त्याच अंगणात होता, पण चाचा घरून बाटली आणत. त्या बाजूला त्यांना कधी जाताना पाहिलं नाही.

मग जागामालकाने अंगण मोकळं करून मागितलं. व्हॅन चाकांवर बाहेर निघाली तर ठीक, नाही तर भंगारवाला आहे तिथेच कापणार होता. प्रकाशची तेवढीच एक वस्तू माझ्याकडे उरली होती. जाम चाकं मोकळी करायला मी सकाळपासून बसले. तीन ड्रम दुपारपर्यंत निघाले. मागचा डावा निघेना. हॅण्डब्रेकची तार तोडली, लायनर मागे घेतले, तेल जिरवलं, भोकांत बोल्ट पिळून ड्रम रेटला. तरी 'ठप्प'. भंगारवाला गॅसकटर घेऊन बाहेर बसलेला. मी रडकुंडीला आले, तेव्हा चाचा सात वर्षांत पहिल्यांदा अंगणात आले आणि चाकापाशी बसले.

"त्या दिवशी मी धर म्हनलो," ते म्हणाले, "आन फोन वाजला. बोलत भाईर गेलो. सोड म्हनायचं राहिलं, बेटी."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? सात वर्षे मी त्या भिंतीवरचा नियम वाचत होते आणि तो कोणासाठी लिहिलाय ते त्या दिवशी कळलं. तरी मी हातोडी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती खाली ठेवली. ड्रमला कपाळ टेकवलं आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाले, "परकाश, सोड बेटा."

मग हातोडी उचलून एकदाच वाजवली. ठण्ण. ड्रम हातात आला. त्याच वेळी रिकाम्या व्हॅनमध्ये खट् झालं. मी दार उघडून पाहिलं, तर पेडल वर आलं होतं.

स्प्रिंग सुटली असेल. विचारणाऱ्याला मी तेच सांगते. चाचा काहीच सांगत नाहीत. ती व्हॅन आज गारखेड्याची पोरं शाळेत नेते आणि ती मीच चालवते. चाचा मात्र आता अंगणातल्या माठाचंच पाणी पितात.

मागच्या आठवड्यात पाणी पिता पिता ते मला म्हणाले, "माझ्या टायमाला सोड तू म्हन. विसरू नको." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण गॅरेजचा नियम मला पाठ आहे. त्यांच्या बाबतीत 'सोड' मी म्हणायचं असेल, तर आधी 'धर'ही मीच म्हणायला हवं आणि मध्ये दुसरं काही बोलायचं नाही.

तर आज सगळ्यांच्या साक्षीने म्हणते. चाचा, धरा.